मागच्या खोलीतली माणसं

(दृश्य: मागचं दार. पिशव्या आत येताहेत.)

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या या दुकानाचं मागचं दार दिवसभर उघडंच असतं. कुणी रिक्षातून येतं, कुणी स्कूटरवर पायाशी पिशवी ठेवून. कापडी पिशव्या, जुन्या चादरीत बांधलेली गाठोडी, साड्यांच्या दुकानातली खोकी. घरोघरी साफसफाई चालू असते, हे एक कारण. दुसरं अलीकडचं. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांतल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. इमारत पाडायची ठरली की तीस-चाळीस वर्षांचे संसार माळ्यावरून खाली उतरतात आणि भाड्याच्या घरात मावत नाहीत. आईवडिलांचं घर रिकामं करायला परदेशातून आठ दिवसांच्या रजेवर आलेली मुलं तर टेम्पोच पाठवून देतात.

देणाऱ्याचं काम या दाराशी संपतं. आपली ही फिल्म दाराच्या आतल्या माणसांची आहे.

(दृश्य: मोठं टेबल. फक्त हात.)

हे टेबलसुद्धा असंच कुणाच्या तरी घरातून आलेलं. भोवती उभ्या असलेल्यांपैकी एक काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, एक बाई शाळेतून. दोघी मुली कॉलेजच्या. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या आजींनी आयुष्यभर घरीच शिवणकाम केलं. इथे पगार कुणालाच नाही.

काकूंचे हात बघा. शर्ट उचलला की आधी कॉलरची आतली बाजू. मग काखेतली शिवण, दोन्ही अंगठ्यांनी ताणून. मग बटणपट्टीवरून वरपासून खालपर्यंत एक बोट. कफ. नंतर शर्ट खिडकीकडे धरायचा, कापड कुठे विरलंय ते उजेडात दिसतं. मग वास. डांबरगोळ्यांचा वास चालतो, दोन दिवस उन्हात टाकला की जातो. कुबट ओलीचा जात नाही, तो शर्ट बाजूला. शेवटी खिसे. खिशांतून बसचं तिकीट निघतं, अंगाऱ्याची पुडी निघते, डॉक्टरांची चिठ्ठी निघते. मागच्या आठवड्यात नाडीत ओवलेली सेफ्टी पिन निघाली आणि एका मुलीच्या बोटात घुसली. तेव्हापासून नाडी दोन बोटांत धरून सरकवत तपासायची, असं ठरलंय.

तांदूळ निवडावेत तसं हे काम चालतं, गप्पा मारता मारता, पण नजर न हलवता. नियम एकच. जी वस्तू आपण स्वतः पैसे देऊन घेतली नसती, ती बाहेरच्या खोलीत जात नाही.

या नियमावर आम्ही जरा जास्त रेंगाळणार आहोत. बाहेरच्या खोलीत येणारा माणूस गिऱ्हाईक असतो. तो भाव विचारतो, दोन शर्ट अंगाला लावून बघतो आणि रंग नाही आवडला म्हणून परत ठेवतो. फुकट मिळालेल्या वस्तूला नको म्हणायची सोय नसते. चाळीस रुपये मोजणाऱ्याला ती असते. ही सोय त्याला काकूंच्या त्या बोटामुळे मिळते. फाटका शर्ट एकदा जरी बाहेर टांगला गेला, तरी समोरच्याला कळतं की इथे आपल्याला काय समजतात.

(दृश्य: साडी उलगडताना. दोघी दोन टोकांना.)

साडीला वेळ लागतो. ती पूर्ण उलगडावी लागते, म्हणून दोघी लागतात. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर कपाटात राहिली की त्या घडीवरच विरते. वरून नवी कोरी दिसते, नेसायला घेतली की टर्रकन फाटते. आजी डोळे मिटून घडीच्या रेषेवरून तळहात फिरवतात आणि सांगतात, ही जाईल, ही राहील. फॉल सुटला असेल तर इथेच लावतात. नऊवारीची रास वेगळी. ती फार येत नाही आणि आली की टिकत नाही. पर्वती पायथ्याकडून, दांडेकर पुलाकडून येणाऱ्या मावशी आपल्या सासूसाठी, आईसाठी मुद्दाम विचारायला येतात.

ज्या सुती साड्या नेसण्यापलीकडे गेल्या, त्यांच्या गोधड्या होतात. थर एकावर एक पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कडेने टाके घालत आत आत मधोमध यायचं. धावदोराच, पण टाका सारखा पडला पाहिजे. कॉलेजच्या मुलींना आजींनी हे शिकवलं. पहिल्या गोधडीची एक बाजू आजींनी रात्री घरी नेऊन उसवली आणि सकाळी मुलींच्या हातात परत दिली. मुली पुन्हा बसल्या. त्या अजून येतात, याचं श्रेय आम्ही आजींना देतो.

(दृश्य: भांड्यांचं कपाट. वाटीवरची कोरलेली अक्षरं जवळून.)

ही अक्षरं वाचा. नाव, आडनाव, तारीख, आणि 'यांच्याकडून सप्रेम भेट'. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. लग्न, मुंज, बारसं, कुणाची एकसष्टी. घर मोडताना ही भांडी येतात तेव्हा भांड्यांकडच्या ताई देणाऱ्याला एकदा फोन करतात, नाव वाचून दाखवतात, आणि ठेवायचं आहे का विचारतात. बरेच जण नको म्हणतात. काही जण संध्याकाळी येऊन एक तांब्या परत घेऊन जातात. या फोनचा वेळ कुठल्याच हिशेबात येत नाही. तो ताईंना कुणी करायला सांगितलेलाही नाही.

कुकर, मिक्सर, इस्त्री हे सगळं काकांच्या टेबलावर. काका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. वायर कापलेली असेल तर बदलायची, प्लगची पिन सैल असेल तर प्लग नवा, कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतः बघितल्याशिवाय किंमत लावायची नाही. त्यांनी चालू करून बघितलेल्या वस्तूवर हिरव्या दोऱ्याची गाठ असते. नेहमीचे गिऱ्हाईक गाठ बघूनच घेतात.

(दृश्य: अभ्यासिकेच्या पाट्या. सायकली. मग दुकानातला पुस्तकांचा रॅक.)

हे दुकान ज्या गल्लीत आहे तिथे दर दोन इमारतींमागे एक अभ्यासिका. एमपीएससीची तयारी करायला राज्यभरातून आलेली मुलं-मुली इथे कॉट-बेसिसवर राहतात. त्यांना बादली हवी असते, गादी हवी असते, थंडीत ब्लँकेट, आणि मुलाखतीचं पत्र आलं की पांढरा शर्ट. पुस्तकं तर हवीच. पण राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झालं, त्यामुळे आधीच्या बहुपर्यायी प्रश्नांचे गठ्ठे मुख्य परीक्षेला उपयोगाचे राहिले नाहीत. कुठलं पुस्तक अजून चालेल आणि कुठलं रद्दीत घालायचं, हे ठरवतो एक मुलगा, जो स्वतः दोनदा मुख्य परीक्षेला बसला आहे. शनिवारी संध्याकाळी अभ्यास संपवून दोन तास येतो. जुनं पुस्तक विकून कुणाचं वर्ष वाया घालवायचं नाही, एवढं त्याचं म्हणणं.

(दृश्य: जुना बाजार. मग काळं-पांढरं छायाचित्र.)

वापरलेल्या वस्तूंचा व्यवहार पुण्याला नवा नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारावर यायची, आणि घासाघीस करून एका पातेल्यापायी दोन पँटी जास्त घेऊन जायची. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्या व्यवहारावर कित्येक घरं चालली आहेत, आणि हे दुकान त्यांच्या पोटावर पाय देत नाही. इथे जे विकण्याजोगं नसतं ते कचरावेचक ताईंकडे जातं. या शहरात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती त्यांच्याच हक्कासाठी.

समाजकार्यासाठी, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारं दुकान ही पद्धत मात्र बाहेरून आली. १९४२ मध्ये ग्रीसमधल्या दुष्काळग्रस्तांसाठी ऑक्सफर्डला एक समिती स्थापन झाली, तीच पुढे ऑक्सफॅम ही मदतसंस्था झाली. युद्धानंतर मदतीचं आवाहन केल्यावर लोकांनी इतक्या वस्तू आणून दिल्या की १९४७ च्या डिसेंबरात समितीने ब्रॉड स्ट्रीटवर त्या विकायला दुकान थाटलं. तिथून ही कल्पना पसरत गेली.

या दुकानाची कमाई रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणाच्या डब्यांसाठी जाते.

(दृश्य: दुकानाच्या ताई वहीत लिहिताना.)

आता थोडं त्रासाबद्दल. पिशव्यांत फाटकी अंतर्वस्त्रं येतात, एका पायाचे बूट येतात, तेलाने चिकट झालेले डबे येतात. पावसाळ्यात ओले कपडे येतात आणि अख्खं गाठोडं बुरसतं. कुणी येऊन विचारतं, आमची एवढी चांगली साडी तुम्ही शंभर रुपयांना विकता? कुणी दबक्या आवाजात म्हणतं, चांगलं चांगलं आतल्या आत जात असेल. हे ऐकून एक काकू दोन महिने आल्या नव्हत्या. म्हणून इथे पद्धत ठरलेली आहे. स्वयंसेवकाला काही घ्यायचं असेल तर किंमत दुसऱ्याने लावायची, पावती करायची, आणि वस्तू आधी दोन दिवस बाहेर टांगायची. हे त्यांच्यावरच्या अविश्वासापोटी नाही. कुणी बोट दाखवलं तर त्यांना खाली बघावं लागू नये, म्हणून.

दर वर्षी ५ डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनाला, इथे छोटासा कार्यक्रम होतो. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली हा दिवस ठरवला. गुलाबाचं फूल, बटाटेवडा, कॉफी. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यांना प्रमाणपत्रं मिळतात. हे सगळं हवंच. पण आम्हाला जास्त मोलाची वाटली ती ही वही.

दुकान सांभाळणाऱ्या ताई दिवसभर गल्ल्याजवळ बसून यात टिपणं करतात. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की मागच्या खोलीत येऊन वाचून दाखवतात. आम्ही चित्रीकरण केलं त्या दिवशीचं हे पान: निळा शर्ट, ज्याची दोन बटणं काकूंनी लावली, तो मुलाखतीसाठी गेला. हिरव्या गाठीची इस्त्री आजच इस्त्रीची टपरी टाकलेल्या दादांनी नेली. जांभळ्या काठाची गोधडी बाळंतिणीसाठी गेली, आजी, टाके बघून बाई म्हणाल्या की हे हातचं दिसतंय.

(दृश्य: मागच्या खोलीतले चेहरे. आधी थोडा वेळ निवेदन नाही, मूळ आवाज राहू द्यावा. मग निवेदन.)

मागच्या खोलीत काम करणाऱ्याला गिऱ्हाईक दिसत नाही. दिवसभर त्याच्यासमोर येतात त्या फक्त पिशव्या. अशा माणसाला 'तुमच्यामुळे दुकान चालतं' म्हणून त्याच्या हाताला काही लागत नाही. कुठलं बटण, कुठला टाका, ते सांगावं लागतं, आणि त्याच दिवशी. आजींचे गुडघे दुखतात हे लक्षात आल्यावर कुणीही न सांगता आणलेलं ते उंच स्टूल, काकांना तंबी देऊन बसवलेला जादा दिवा, परीक्षेच्या महिन्यात मुलाला आपणहून दिलेली सुट्टी, यालाही आम्ही कौतुकच म्हणतो. असं कौतुक होतं म्हणून माणसं इथे टिकली आहेत, असं आमचं ठाम मत आहे.

(दृश्य: भिंतीवरचा फळा. खडूने लिहिलेल्या पाळ्या.)

हा फळा या महिन्याचा आहे. सकाळच्या पाळ्या भरल्या आहेत. बुधवार आणि रविवार दुपार मोकळी आहे. शिलाई मशीन चालवता येणारं कुणी हवं आहे, कारण चेन बदलायच्या पँटींचा ढीग आजींच्या आवाक्याबाहेर गेलाय. चप्पल-बूट दुरुस्तीची माहिती असणारं कुणी आलं तर फारच बरं. दोन तास पुरतात. आणि वेळ नसेल, नुसतं द्यायचं असेल, तर कपडे धुऊन, वाळवून, खिसे बघून द्या. बुटांच्या नाड्या एकमेकांत बांधून ठेवा. पिशवीवर आत काय आहे ते लिहा.