यमूचा 'मी' आणि हरिभाऊंचा 'मी'

श्रोतेहो, नमस्कार. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपले माहेर, सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन यांची हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगते. लिहिणारे हरिभाऊ पंचविशीच्या आसपासचे पुरुष होते. 'मी' म्हणणारी मात्र यमू आहे. हरिभाऊ लेखक, यमू निवेदक.

परंतु एवढ्यावर थांबलो, तर कादंबरीचे खरे बळ निसटते. सांगणारी यमू सोसून शहाणी झालेली आहे आणि जिच्याबद्दल ती सांगते ती आरंभीची यमू अजाण पोर आहे. वडिलांच्या धाकाखाली आई मुकाट्याने का सोसते, हे त्या पोरीला कळत नाही, सांगणारीला ते फार उशिरा उमगलेले असते, आणि या दोघींच्या मागे उभ्या असलेल्या हरिभाऊंना ते आपल्यापर्यंत पोहोचवायचे असते. या तिघांना एकच समजून वाचले, तर हाती केवळ सुधारकाची कैफियत उरते, आणि यमूवर तो मोठाच अन्याय होईल.

लेखक आणि निवेदक यांच्या जोडीला तिसरा शब्द मुखवट्याचा. लॅटिनमध्ये 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. निवेदक हा लेखकाने कथेत नेमलेला वेगळा माणूस असतो. मुखवटा मात्र लेखक स्वतःच्याच चेहऱ्यावर चढवतो. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' होऊन आणि विनोदी लेख 'बाळकराम' होऊन. गोविंदाग्रजांच्या कवितेतील प्रेयसी गडकऱ्यांच्या चरित्रात शोधत बसणे मला गैर वाटते, कारण तसे केले की कवितेची कविता राहत नाही, ती पुरावा होते.

मुखवटा आपल्याकडे फार जुना आहे. एकनाथांच्या भारुडांत कधी जोशी बोलतो, कधी वासुदेव, तर कधी सासरला विटलेली सून. ही सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि सासूसासऱ्यांपासून एकेकाला नाहीसे करायला सांगते. कीर्तनकार त्याचा अर्थ विकारांचा त्याग असा लावतात. ऐकणाऱ्या बायकांना मात्र आधी आपलेच घर आठवत असणार. शेवटच्या चरणात 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा येते, म्हणजे कवी स्वतः प्रकट होतो, आणि त्याच श्वासात ती सून म्हणते की सगळेच जाऊ दे, मला एकटीच राहू दे. नाव पैठणच्या पुरुषाचे, आणि 'एकटी' हे स्त्रीलिंगी रूप त्याच चरणात, त्याच्याच मुखी.