पाकीट एकाचं, पत्र दुसऱ्याचं

(दृश्य: भोसरीतलं छोटं वर्कशॉप. लेथचा आवाज. काचेआड केबिन.)

शनिवार, दुपारचे पावणेचार. अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमना मालकांचा मेल आलाय. 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. सोबतच्या खात्यावर आजच्या आज आरटीजीएस करा.' नाव मालकांचं. पत्ताही त्यांचाच, एका अक्षराचाही फरक नाही.

आणि मालक? काचेपलीकडे लेथपाशी उभे. हात ग्रीसने माखलेले.

हा घोळ १९८२ पासूनचा आहे. जॉन पोस्टेल यांनी त्या वर्षी मेल पोचवण्याचे नियम लिहिले, ते एसएमटीपी. तेव्हा नेटवर्कवर होती विद्यापीठं आणि संशोधन संस्था. पाठवणारा सांगेल तेच त्याचं नाव, असा भाबडा कारभार. पोस्टमन पाकीट बघतो. आतल्या पत्राखाली सही कुणाची, ते उघडून बघत नाही. मेलचं तसंच. सर्व्हर वाचतो ते पाकीट. आपल्याला दिसणारी 'फ्रॉम'ची ओळ आतल्या पत्रावरची, तिथे वाट्टेल ते लिहा. त्यासाठी मालकांचा पासवर्ड चोरावाही लागत नाही.

(दृश्य: पडद्यावर माउसचा बाण.)

मॅडम जीमेलमध्ये त्या मेलच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करतात. 'शो ओरिजिनल'. हे कॉम्प्युटरवरच, मोबाइलच्या ॲपमध्ये सापडत नाही. एसपीएफ, म्हणजे पाकीट परवानगी असलेल्या सर्व्हरवरून निघालं का? 'पास'! चोराने पाकिटावर स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, घातलं होतं, ते खरंच होतं. खाली डीमार्क. हा पाकीट आणि डिजिटल मोहोर (डीकेआयएम) 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी पडताळून बघतो. एकही जुळलं नाही तर 'फेल'. इथे 'फेल'च आहे.

मग मेल इनबॉक्समध्ये आला कसा? कारण वर्कशॉपच्या डोमेनवर डीमार्कचं धोरण 'नन' ठेवलंय. म्हणजे वॉचमन नेमला आणि त्याला बजावलं, चोर दिसला तर वहीत नोंद कर, अडवू नकोस. वेबसाइट करून देणाऱ्याने 'नंतर बघू' म्हटलं असेल, ते नंतर कधी उजाडलंच नाही. धोरण 'क्वारंटाइन' असतं तर मेल स्पॅममध्ये पडला असता. 'रिजेक्ट' असतं तर दारातूनच परत. मात्र आधी आपलेच बिलांचे, पगारपत्रकांचे मेल नीट 'पास' होतात का ते तपासायचं, नाहीतर तेही परत जातील.

नावाशी मिळतंजुळतं नवं डोमेन घेणाऱ्या चोरापुढे मात्र हे सगळं लुळं. त्याचं तिन्हीकडे 'पास'. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने तर गूगल-फेसबुकला हार्डवेअर पुरवणाऱ्या तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावाची कंपनीच लाटव्हियात काढली, खोटे मेल आणि बिलं धाडली, आणि २०१३ ते २०१५ मध्ये गूगल-फेसबुककडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त उकळले. २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची कैद झाली. आपल्याकडे पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

(दृश्य: केबिनचं दार उघडतं. लेथ थांबतो.)

"साहेब, ते पैसे पाठवायचेत का?"

"कसले पैसे?"