टाकात शाई जास्त वेळ कशी टिकवायची? वाइंडिंगच्या तारेचा जुगाड

(कॅमेऱ्यासमोर. हातात टाक, टेबलावर दौत.)

टाक घ्या आणि ‘महाराष्ट्र’ लिहा. निब जरा रुंद असेल, तर शाई कुठे दगा देते? नेमकी ‘ष्ट्र’मध्ये. अर्धं अक्षर काळं, अर्धं राखाडी. मग परत बुडवायचं, परत तिथेच टेकवायचं, की झाला जाडसर डाग! आज एवढंच काम करू: एकदा बुडवल्यावर टाक जास्त वेळ चालला पाहिजे. उपाय तीन आहेत आणि पहिले दोन जवळपास फुकटातले आहेत. तिसऱ्यावर उडी मारू नका. पहिल्या दोनांशिवाय तो चालत नाही.

(क्लोजअप: निब उलटी करून.)

आधी शाई थांबते कुठे ते बघा. निबेच्या पोटाला हा खोलगट भाग दिसतोय? बुडवल्यावर इथे एक थेंब लटकून राहतो, पृष्ठताणामुळे. पुढे टोकापर्यंत ही चीर गेलीय. कागदाला टोक टेकलं की चिरेतून केशाकर्षणाने शाई खाली ओढली जाते. शाळेत काचेच्या बारीक नळीत पाणी वर चढताना पाहिलं होतं, तेच.

आणि हे मधलं भोक, ही शाईची टाकी नव्हे. इंग्लंडमध्ये जेम्स पेरी यांनी 1830 साली भोकाच्या निबेचं पेटंट घेतलं, ते पोलादाला लवचिकपणा यावा म्हणून. अर्थात भोकावरही शाईचा पडदा धरतो, म्हणून बुडवताना भोक जेमतेम झाकेल इतकंच बुडवायचं. त्याहून खोल बुडवलंत तर जास्तीची शाई होल्डरमध्ये जाते, आणि तिथून बोटांवर. लिहायला तिचा काही उपयोग नाही.

आता उपाय पहिला. नवी निब गंजू नये म्हणून तिच्यावर तेलकट थर दिलेला असतो. त्या थरावर शाई पसरत नाही, तिचे मणी होतात आणि ते घरंगळून जातात. नवा टाक दोन अक्षरांत कोरडा पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण, बस्स. काही सुलेखनकार निब कच्च्या बटाट्यात खुपसून ठेवतात, तेही चालतं. काडेपेटीच्या ज्योतीतून निब फिरवायचा प्रकार तुम्ही पाहिला असेल. तो मी तरी करत नाही. क्षणभर जास्त धरली आणि टोक निळं पडलं, की पोलादाचं पाणी उतरलं. मग ती निब वाकते आणि वाकलेलीच राहते.

साफ झाली का ते कसं ओळखायचं? बुडवा, बाहेर काढा, उजेडात बघा.

(दोन निबा शेजारी शेजारी. एकीवर शाईचे मणी, दुसरीवर सलग पातळ थर.)

डावीकडची बाजारातून आणली तशीच आहे. उजवीकडची धुतलेली. वेगळं सांगायला नको.

उपाय दुसरा, शाई. फाउंटन पेनची शाई टाकाला फार पातळ पडते. ती बनवलेलीच असते पेनातल्या अरुंद खाचांतून वाहण्यासाठी. टाकात ती एक तर पहिल्याच अक्षराला भसकन उतरते, नाहीतर थेंब होऊन कागदावर पडते. तिला थोडं अंग द्यायला डिंक लागतो. आपल्याकडे पोथ्या लिहायची जुनी शाई काजळ आणि डिंकाचीच असे. डिंक रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, शाई वेगळ्या छोट्या बाटलीत घ्या आणि ड्रॉपरने एकेक थेंब घालत लिहून बघत जा. प्रमाण सांगत नाही, कारण प्रत्येक शाई वेगळी. खूण सांगतो: वाळलेलं अक्षर चकाकायला लागलं आणि रेघ सुरू करताना टोक अडायला लागलं, तर डिंक जास्त झाला. आणि ही बाटली फाउंटन पेनच्या जवळपासही नेऊ नका. पेन कायमचं चोंदेल.

(तारेचं रीळ हातात.)

आता तिसरा उपाय, ज्यासाठी तुम्ही हा व्हिडिओ लावलाय. निबेच्या पोटाखाली शाईसाठी जास्तीची जागा करायची. इथे बरेच जण एक गोष्ट उलटी करतात: कापसाचा किंवा स्पंजचा तुकडा लावतात. तो शाई भरपूर पितो, आणि सोडत मात्र नाही! कारण साधं आहे. शाई रुंद फटीतून अरुंद फटीकडे जाते, उलटी जात नाही. समांतर पृष्ठभागांमधली फट 1 मिलिमीटर असेल, तर तिच्यात पाणी आपोआप सुमारे 15 मिलिमीटर वर चढतं. फट निम्मी केली की उंची दुप्पट. म्हणजे अरुंद फटीची ओढ जास्त. कापसाच्या धाग्यांमधल्या फटी निबेच्या चिरेपेक्षा बारीक, मग तो कशाला शाई देईल? आपली टाकी चिरेपेक्षा रुंद हवी, आणि टोकाकडे अरुंद होत गेलेली हवी.

हे जमतं तारेच्या स्प्रिंगने. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची वाइंडिंगची तार मिळते, 0.3 मिलिमीटरच्या आसपासची घ्या. तुकडा मागितला तर बहुधा पैसेही घेत नाहीत. तार साबणाने धुवा, कारण तेलाचा नियम तिलाही लागू. मग दाभणाभोवती आठ-दहा वेढे घट्ट घ्या. दाभण काढा. आता मागचे तीन-चार वेढे नखाने हलके ताणून सैल करा, पुढचे एकमेकांना चिकटलेलेच राहू द्या. झाली ना फट मागे रुंद, पुढे अरुंद?

(क्लोजअप: स्प्रिंग निबेखाली बसवताना.)

तारेचं शेपूट निबेबरोबर होल्डरमध्ये सरकवा. स्प्रिंगचं पुढचं तोंड चिरेच्या खाली, टोकापासून दोन-तीन मिलिमीटर मागे, निबेला जेमतेम टेकलेलं हवं. टेकलं नाही तर टाकी भरलेली आणि टाक कोरडा. जोरात दाबलं तर चीर फाकते आणि शाई एकदम ओतते. सगळी मेख या टेकण्यात आहे, म्हणून इथे घाई करू नका. दाब देऊन जाड-बारीक रेघा काढायची टोकदार लवचिक निब असेल तर स्प्रिंग अजून थोडी मागे घ्या. दाबल्यावर चिरेच्या दोन्ही पाकळ्या उघडतात, तेव्हा त्यांना तार आडवी यायला नको.

रुंद, कापलेल्या टोकाच्या निबांना वेगवेगळ्या निब कंपन्यांच्या तयार टाक्या मिळतात. मिचेलची पितळी टाकी निबेच्या खालून सरकवतात, ब्राउझच्या बँडझुग निबेला ती वरून असते, आणि स्पीडबॉलच्या सी मालिकेत निबेबरोबरच येते. यातली मिचेलची मला आवडते, कारण पुढे-मागे करता येते. घट्ट बसत असेल तर तिचे कान किंचित फाकवून घ्या.

बोरू वापरणाऱ्यांसाठी तर हे आणखी कामाचं. मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला लटकवत, हात शक्य तितका कमी उचलून. असं लिहायचं तर मध्येच शाई संपणं परवडत नाही. रिकाम्या कोल्ड्रिंकच्या कॅनमधून चार-पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा. कडा सुरीसारख्या असतात, पॉलिश पेपरने घासा. पट्टीला इंग्रजी ‘एस’सारखा बाक द्या आणि बोरूच्या पोकळीत अशी सरकवा, की तिचं पुढचं टोक चिरेजवळ आतून टेकेल. बोरूत असं पातळ धातूचं पातं बसवायची युक्ती लंडनचे सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शिकवत होते.

टाकी लावली की दौतीत बुडवणं सोडा. ड्रॉपरने किंवा जुन्या ब्रशने शाई बाजूने टाकीत भरा. निबेची वरची पाठ कोरडी राहते आणि अक्षराची कड धारदार येते. पहिली रेघ रद्दी कागदावर काढा. आणि टाक फार उभा धरू नका, उभ्या टाकातून शाई वेगाने उतरते. लिहायचा पाट थोडा उतरता ठेवलात तर टाक आपोआप आडवा होतो आणि तीच शाई जास्त अक्षरं पुरते.

हे सगळं नको असेल तर काचेचा टाक घ्या. जपानमध्ये सासाकी सादाजिरो या पवनघंटा बनवणाऱ्या कारागिराने 1902 मध्ये तो काढला. पीळ दिलेल्या खाचांमध्ये शाई धरते आणि बऱ्याच ओळी चालते. पण रेघ एकाच जाडीची. देवनागरीचा तोरा त्यात येत नाही, हे माझं मत.

शेवटी धुणं. स्प्रिंगच्या वेढ्यांत लाखेची काळी इंडिया इंक वाळली तर पाण्याने निघत नाही. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून ठेवा, ब्रशने घासा, पाण्याने धुवा, पुसून वाळवा. तरीही वेढे चोंदलेले दिसले तर ती स्प्रिंग टाकून द्या आणि दाभणावर नवी वळा.