कुत्री संध्याकाळी परत येतात : एकोणसाठाव्या स्तोत्राविषयी

बंधुभगिनींनो, बायबलमधलं ५९वं स्तोत्र तुमच्यापुढे नव्यानं सांगायला नको. ‘माझ्या देवा, माझ्या वैऱ्यांपासून मला सोडव’ ही त्याची पहिलीच हाक. मथळाही तुमच्या ओळखीचा : इस्राएलचा राजा शौल यानं माणसं पाठवली, दावीदाला मारायचं म्हणून ती घरावर पाळत ठेवून बसली, तेव्हाचं हे गीत. आज सांगायचं ठरलंय ते असं, की शत्रूंवर प्रीती करा म्हणणाऱ्या प्रभू येशूच्या मंडळीनं हे स्तोत्र कसं म्हणावं. तिकडे मी येतोच. आधी घरचं सांगतो, कारण त्याशिवाय मला हे स्तोत्र उघडताच येत नाही.

वडील तालुक्याच्या गावी मास्तर होते. शाळेच्या बांधकामाचा हिशेब त्यांच्याकडे होता. गावातल्या एका वजनदार माणसाला त्यात एक खोटी पावती घुसवायची होती. वडिलांनी सही केली नाही. त्या आठवड्यापासून आमच्या दारासमोरच्या पारावर चार माणसं येऊन बसायला लागली. ती शिवी देत नव्हती की दगड मारत नव्हती. दिवेलागणीला यायची, बिड्या ओढायची, आमच्या दाराकडे बघत बसायची आणि रात्री उशिरा उठून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पोलिसांत जाऊन काय सांगणार? पारावर बसायला बंदी थोडीच आहे!

आई दाराला कडी घालायची, कंदिलाची काच पुसायची आणि बायबल उघडायची. मी नऊ वर्षांचा होतो. ती सहावं वचन वाचायची, ‘संध्याकाळी ते परत येतात, कुत्र्यांसारखे गुरगुरतात, नगरभर हिंडतात.’ आमच्या गल्लीच्या टोकाला खाटकाचं दुकान होतं, तिथली कुत्री त्याच वेळेला सुटायची. मला कित्येक दिवस वाटत होतं की हे वचन आमच्याच गल्लीवर लिहिलंय. आठ वचनं पुढे गेलं की कुत्र्यांची तीच ओळ पुन्हा येते. तिथे आईचा आवाज खाली यायचा, कारण बाहेर कुणी खाकरलेलं असायचं.

एका शुक्रवारी घरगुती प्रार्थनासभेत आईनं हे स्तोत्र वाचायला मागितलं. सभा चालवणारे गृहस्थ भले होते, पण म्हणाले, “ताई, हे नको. यात सूड आहे. आपण तेविसावं वाचू.” आई गप्प बसली. तेविसावं सुरू झालं आणि पाचव्या वचनाला आलं काय? ‘माझ्या शत्रूंच्या देखत तू माझ्यासाठी ताट वाढतोस.’ आई पदरात तोंड लपवून हसली! तुम्हीही हसताय, हसा. शत्रू चुकवायला ज्या स्तोत्रात शिरावं, तिथे ते आधीच पंगतीला उभे.

पण तो नकार तिला लागला. मलाही तो अजून लागतो. माणूस भ्यालेला असताना त्याच्या तोंडातली प्रार्थना काढून घेऊ नये. आणि हे एकट्या आमच्या सभेत झालं असंही नाही. रोमन कॅथोलिक चर्चनं व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर रोजच्या प्रार्थनेचं पुस्तक नव्यानं बांधलं, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली. आपल्या ५९व्याचं नाव राहिलं, पण त्यातली बरीच वचनं गाळली. कुत्र्यांच्या दोन्ही ओळी त्यात गेल्या.

इथे मीखलचं, म्हणजे दावीदाच्या बायकोचं आणि शौलाच्या मुलीचं, नाव घेतलंच पाहिजे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १९व्या अध्यायात, त्या रात्रीची हकिकत आहे. दावीद वाचला तो बायकोच्या डोक्यामुळे. तिनं त्याला खिडकीतून खाली सोडलं, बिछान्यात घरातली मूर्ती निजवली, उशाशी बकऱ्याचे केस ठेवले, वर कपडा घातला आणि माणसं आली तेव्हा सांगितलं, “ते आजारी आहेत.” प्रत्यक्ष बापाशी खोटं बोलली. स्तोत्रात तिच्याबद्दल अवाक्षर नाही. मला ते खटकतं. माझी आई रोज ती कडी घालायची, म्हणून असेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्दे भरभर सांगतो.

मथळा नंतर जोडला गेला असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. स्तोत्रात ‘सर्व राष्ट्रां’चा, म्हणजे परक्यांचा, न्याय मागितलाय आणि शौलाची माणसं तर इस्राएलीच होती. मान्य. पण ज्यानं तो मथळा जोडला त्याला कान होता. हिब्रूत ‘पाळत ठेवणं’ आणि ‘वाट पाहणं’ या दोन्हींना इथे शामार हा एकच धातू आहे. मथळ्यात माणसं घर राखतात, नवव्या वचनात कवी देवाची वाट राखतो : एश्मोरा. मराठीत दोन शब्द होतात आणि हे नातं तुटतं. शेवटच्या, सतराव्या वचनात तीच ओळ फिरून येते, पण क्रियापदातलं एक व्यंजन बदलतं : अझम्मेरा, मी गाईन. ‘श’च्या जागी ‘झ’.

आता मधे काय घडलं ते बघा. शत्रू गेले नाहीत. चौदाव्या वचनात कुत्री पुन्हा आली आहेत, पंधराव्यात ती पोट भरेना म्हणून रात्रभर हिंडताहेत. सोळाव्यात सकाळ होते आणि हा माणूस गातो. दोन संध्याकाळी काढून टाकल्या तर त्या सकाळीला अर्थ काय राहिला? आमच्या पारावरचे लोकही उठले नव्हते. जूनमध्ये वडिलांची बदली झाली, तोवर ते बसून होते.

आणि प्रीतीचं काय? अकराव्या वचनात ‘त्यांना मारू नकोस’ म्हणतो, तेराव्यात ‘नाहीसे कर’ म्हणतो. दोन्ही एकाच तोंडून. मी ते जुळवत बसणार नाही. दाराबाहेर माणसं बसलेली असताना असंच बोललं जातं. मात्र बोलतो देवाशी. ज्या दावीदाच्या नावावर हे स्तोत्र आहे, त्याच्या हातात पुढे गुहेत शौल आयता सापडला, तेव्हा त्यानं झग्याचा काठ कापला, गळा नाही. दुसऱ्यांदा भाला आणि पाण्याचा चंबू उचलून आणला. राग त्यानं जिथे ठेवायचा तिथे ठेवला होता, म्हणून हात रिकामा राहिला. आईनं त्या चौघांना कधी शाप दिला नाही. वाचून झालं की वडिलांना म्हणायची, “जेवायला चला.”

वेळ संपली. आपण उभं राहून पूर्ण स्तोत्र वाचू या, पहिल्या वचनापासून सतराव्यापर्यंत. सहावं आणि चौदावं कुणी गाळू नका.