घड्याळाचं तोंड भिंतीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याकडे मानसोपचारासाठी पहिल्यांदा येणारा माणूस खुर्चीत बसता बसता बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, 'झोप येत नाही.' सतत धास्ती वाटते हे पुढच्या भेटीत कळतं, आणि काही वर्षांपूर्वी काय गुदरलं ते त्याच्याही नंतर. झोपेची तक्रार करायला कुणाला लाज वाटत नाही, म्हणून माणसं त्या दारानं आत येतात. मग मीही त्याच दारानं जाते.

थेरपिस्ट लगेच बालपण उकरायला बसेल, अशी धाकधूक अनेकांना असते. मी मात्र आधी अगदी साधी चौकशी करते. किती वाजता आडवे होता? जाग किती वेळा येते? आणि जाग आल्यावर काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ ठरलेलं: घड्याळ बघतो. तीन वाजले, सहाला उठायचं, म्हणजे उरले तीन तास. आता नाही लागली तर उद्याचा दिवस गेलाच. असा हिशेब मांडून बसलेल्या माणसाला झोप कशी लागणार? म्हणून माझी पहिली सूचना औषधाची नसते, घड्याळाची असते. त्याचं तोंड भिंतीकडे करा आणि मोबाइल हाताला लागणार नाही असा ठेवा.

आर्थर स्पीलमन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८० च्या दशकात निद्रानाशाची जी मांडणी केली, ती मला आजही रोज उपयोगी पडते. काहींचा पिंडच हलक्या झोपेचा असतो. त्यात काहीतरी निमित्त घडतं, आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. निमित्त सरतं, पण तोवर आपण झोप भरून काढायला लवकर आडवे व्हायला लागलेलो असतो, दुपारी डुलकी घेतो, सकाळी लोळत राहतो. या उपायांनीच निद्रानाश मुक्कामाला राहतो.

यावरची पद्धत ऐकायला उफराटी वाटेल. आधी एक-दोन आठवडे झोपेची रोजनिशी लिहायची. समजा त्यातून दिसलं की माणूस अंथरुणात नऊ तास असतो आणि झोपतो साडेपाच तास. तर मी सांगते, काही दिवस अंथरुणात साडेपाचच तास. उठायची वेळ सहा असेल, तर साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही. 'अहो, मी झोप वाढवायला आलो होतो,' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पण पडून राहण्याचा वेळ कमी केला की झोपेची भूक साठते. अंथरुणातल्या वेळेपैकी साधारण ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला, की पंधरा-पंधरा मिनिटांनी मुदत वाढवायची. जोडीला रिचर्ड बूटझिन यांचा १९७२ पासूनचा नियम: अंथरूण झोपेसाठी. वीसेक मिनिटं तळमळ झाली असं वाटलं, अंदाजानंच हं, की उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परतायचं. जुनाट निद्रानाशासाठी गोळीआधी याच प्रकारची उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये केली.

मात्र हे मनानं सुरू करू नका. फिट येणारे, बायपोलर, म्हणजे अतिउत्साह आणि खोल उदासी यांत झुलवणारा आजार असलेले, वाहन किंवा यंत्र चालवणारे, यांना झोप कमी करणं धोक्याचं ठरू शकतं. चालू असलेली गोळी एकदम बंद करणंही तसंच. आणि मोठ्यानं घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर माझ्याआधी डॉक्टरांकडे जा.

चिंतेचं गणितही याच जातीचं. लिफ्टची भीती वाटते म्हणून जिना धरला, की त्या क्षणी हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं, कारण लिफ्टमध्ये काही होत नाही हे कळायची संधीच जाते. त्यामुळे पायरीपायरीनं त्या भीतीजवळ जावं लागतं. पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी छाती धडधडून धाप लागणारा भीतीचा झटका, येणाऱ्या माणसाला, डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितल्यावर, मी खोलीतच जागच्या जागी धावायला लावते. छाती धडधडते, धाप लागते, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरतं. सोबत मीही धावते. माझी धाप ओसरायला अंमळ जास्त वेळ लागतो, त्यावर हशा होतो आणि तोही कामाला येतो.

मनावरच्या आघाताच्या बाबतीत मला घाई अजिबात मान्य नाही. मोठा प्रसंग घडला की दुसऱ्याच दिवशी माणसाला सगळं बोलायला लावावं, असा एक जुना समज आहे. अशा एका बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, हे संशोधनात दिसलंय. बरीच माणसं आपल्या माणसांच्या सोबतीनं काही महिन्यांत सावरतातही. जी सावरत नाहीत, त्यांच्याबाबत आठवण भूतकाळात जायला तयार नसते. करकचून लागलेला ब्रेक ऐकला की तो प्रसंग आत्ता चालू होतो. आठवणीकडे टप्प्याटप्प्यानं परत जाणाऱ्या पद्धती आहेत. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मांडलेली ईएमडीआर ही त्यातली एक; तिच्यात ती आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे फिरवायचे असतात. तिचा गुण येतो. डोळे फिरवल्यामुळेच तो येतो का, यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि मीही त्याबाबत जरा साशंकच आहे. पद्धत कुठलीही असो, 'थांबा' म्हणायचा हक्क समोरच्या माणसाचा, हे आमचं पहिल्या दिवशी ठरतं.

आता माझी एक चूक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक गृहस्थ झोपेसाठी आले. मी रोजनिशी, वेळापत्रक, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. तीन आठवडे काडीचा फरक नाही. चौथ्या भेटीत मला सुचलं आणि विचारलं, 'झोप लागलीच, तर काय होईल?' ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'गाडी येईल.' रात्रीच्या रस्त्यावर त्यांना अपघात झाला होता आणि स्वप्नात ती गाडी रोज अंगावर येत होती. या माणसाला झोप लागत नव्हती, असं नव्हतंच. तो स्वतःवर पहारा देत होता, आणि मी त्या पहारेकऱ्याला वेळापत्रक शिकवत होते.

दुःस्वप्नांसाठी एक उपाय असतो. दिवसा, पूर्ण जागेपणी, ते स्वप्न आपल्याला हवं तसं बदलायचं आणि रोज दहा-वीस मिनिटं मनात त्याची उजळणी करायची. बदल काय करायचा ते मी सुचवत नाही. मला वाटलं, हे गाडी थांबवतील. त्यांनी गाडी तशीच जाऊ दिली. ते रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि पायातले बूट काढले. का, ते त्यांनाही सांगता येईना.

पुढे दोन महिन्यांनी ते रोजनिशीशिवायच आले. 'लिहायचं राहूनच गेलं,' म्हणाले, 'गेल्या आठवड्यात सकाळी एकदम आठवायचं.' मी वहीचा विषय पुन्हा काढला नाही.

नमस्कार.