मनोऱ्यात कोंडलेली माणसं

[दृश्य : तळ्यात उभा असलेला उंच दगडी मनोरा]

हा किनलॉक होल्ड. २००९ साली आलेल्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' या गेममधला जादूगारांचा मनोरा. एखाद्या मुलाला जादू येते असं कळलं, की त्याला घरातून उचलून अशा मनोऱ्यात आणतात. त्याच्या रक्ताची कुपी भरून ठेवतात. ते पळालं, तर त्या रक्तावरून टेंप्लर, म्हणजे धर्मपीठाचे शिपाई, त्याचा माग काढतात. मनोऱ्यात कुणाला मूल झालं, तर तेही आईपासून तोडून धर्मपीठ घेऊन जातं.

या सगळ्यामागची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करू. या जगात जादूगाराच्या अंगात दैत्य शिरू शकतो, आणि मग एकटा माणूस गावाची राखरांगोळी करतो. उत्तरेकडच्या टेविंटरमध्ये जादूगारच राज्य करतात, आणि गुलामांच्या रक्तावर तिथली जादू पोसली जाते. 'सगळ्यांना मोकळं सोडा, होईल ठीक' असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

पण रेडक्लिफला काय घडलं ते बघा.

[दृश्य : टेकडीवरचा किल्ला, खाली गाव]

इथल्या सरदाराचा लहान मुलगा कॉनर. त्याला जादू येते हे त्याच्या आईला, इझोल्डला, कळलं. मनोऱ्यात गेलेलं पोर परत मिळणार नाही, म्हणून तिने ते लपवलं आणि गुपचूप एक शिक्षक ठेवला. तो स्वतःच मनोऱ्यातून पळालेला, अर्धवट शिकलेला. त्याने सरदारावर विषप्रयोग केला. वडिलांना वाचवायचं म्हणून कॉनरने दैत्याशी सौदा केला, आणि रोज रात्री मेलेली माणसं उठून गावावर चालून येऊ लागली. मनोऱ्याची दहशत नसती, तर त्या आईने वेळीच कुणा जाणत्याची मदत घेतली असती. कॉनरचा जीव न घेता त्याला सोडवायचा मार्गही गेममध्ये आहे. त्यासाठी मनोऱ्यातलेच जादूगार बोलवावे लागतात. म्हणजे गावाला वाचवतं ते त्यांचं शिक्षण. भिंतींचा त्यात काडीचा वाटा नाही.

आणि मग ओवेन. मनोऱ्याच्या कोठाराचा हा रखवालदार 'ट्रँक्विल' आहे : कपाळावर सूर्याचा डाग, जादू काढून घेतलेली, आणि तिच्याबरोबर स्वप्नं आणि भावनाही. मनोऱ्यात दैत्यांनी कत्तल मांडलेली असताना ओवेन बाहेर पडायला निघतो. वाटेत जादूची भिंत आडवी येते. तो हाकही मारत नाही. शांतपणे मागे फिरतो आणि पुन्हा कामाला लागतो.

ही शिक्षा नाही, सोय आहे, असं सांगितलं जातं. शिकाऊ जादूगाराला दैत्याशी सामना करायला लावणाऱ्या परीक्षेला नकार दिला तरी हेच, आणि कुणी धोकादायक वाटला तरी हेच. माणसाला जिवंत ठेवून त्याच्यातला माणूस काढून घेण्याचा हक्क कुठल्याही धोक्यामुळे मिळत नाही. इथे मी तडजोड करायला तयार नाही.

पहारेकरी तरी मोकळे आहेत का? टेंप्लरांना लिरियम या जादुई खनिजाची सवय लावली जाते, आणि तिचा पुरवठा धर्मपीठाच्या हातात. दोघांच्याही गळ्यातली दोरी एकाच खुंटीला.

[दृश्य : कर्कवॉल शहर, बंदरातली जुनी गुलामांची कोठडी, आता जादूगारांचा मनोरा]

दुसऱ्या भागात, २०११ मध्ये, हे सगळं फुटतं. वर्षभर एकांतकोठडी भोगलेला अँडर्स नावाचा जादूगार तिथलं धर्मपीठाचं मंदिर उडवून देतो. निरपराध माणसं मरतात, आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण टेंप्लरांची प्रमुख मेरेडिथ काय करते? ज्यांचा त्यात हात नव्हता, त्या कर्कवॉलच्या अख्ख्या मनोऱ्यातल्या जादूगारांच्या कत्तलीचा हुकूम देते. एकाचा गुन्हा सगळ्यांच्या माथी मारायची मुभा कायद्यातच होती.

याच जगात डॅलिश एल्फांच्या, म्हणजे माणसांपासून दूर भटकत राहणाऱ्या एका वेगळ्या जमातीच्या, टोळ्या आहेत. त्यांचा प्रमुखच जादूगार असतो, आणि तो आपल्या वारसदाराला हाताशी धरून शिकवतो. दैत्यांचा धोका त्यांनाही आहेच. जादू येणाऱ्या मुलाला शिकणं सक्तीचं करा, गुन्हा केला तर खटला चालवा, आणि संध्याकाळी त्याला घरी जाऊ द्या. इझोल्डने एवढ्यावर कॉनरला स्वतः नेऊन पोचवलं असतं.