नाताळ उलटल्यावरची शिकार

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे कोकणात येऊन सांगायची गरज नाही. शेतीच्या राखणीसाठी ती इथल्या कित्येक घरांत परवान्याने ठेवलेली असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. शिकारीचा विषय मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे मिटवला. मी राहते त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मामला उलटा आहे. तिथे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत एक हंगाम असतो, आणि त्यात हरीण मारायचं तर सरकारच सांगतं, बंदूक जुनी आणा. जुनी म्हणजे ठासणीची, १८०० सालाच्या आधीच्या बनावटीची. एक नळी, चकमकीचा घोडा, एका वेळी एक गोळी. दुर्बीण लावायची नाही.

हा हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला. त्यामागचा हिशेब कळायला थोडं मागे जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथलं जंगल तोडून झालं होतं, हरणाचं मांस बाजारात विकलं जात होतं आणि पांढऱ्या शेपटीचं हरीण राज्यातून जवळजवळ संपलं होतं. १८९५ मध्ये शिकार आणि रानातली जनावरं सांभाळणारं सरकारी गेम कमिशन नेमलं गेलं. १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये मादी मारायला बंदी घातली. जंगल परत वाढलं, हरणं वाढली, आणि त्यांना खाणारे लांडगे तर कधीच नाहीसे झाले होते. मग ओकची रोपं जमिनीतून वर आली की हरणं ती खुडून टाकू लागली. म्हणजे शिकार हवी. पण लाखो माणसं रायफली घेऊन रानात शिरतात, तेव्हा हंगाम नुसता लांबवला तर पुन्हा १९०० ची गत. माणसांना रानात जास्त दिवस तर द्यायचे, पण हरणं थोडीच पडायला हवीत, हे जमवायचं कसं? उत्तर असं निघालं की हत्यारच मंद करा. माझ्या मते शिकारीच्या सगळ्या नियमांत हा सगळ्यात शहाणा.

ते किती मंद आहे बघा. पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाची नळी. आधी मापाने दारू ओतायची. पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा, दहा टक्के गंधक हे तिचं जुनं प्रमाण. मग चरबी लावलेल्या सुती कापडाच्या तुकड्यात शिशाची गोल गोळी बसवायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, म्हणून गजावर खूण केलेली असते आणि प्रत्येक वेळी ती पाहायची. मग नळीच्या बुडाशी जे बारीक भोक असतं, म्हणजे कान, त्याजवळच्या पेल्यात रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, घालायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या रंजकेत पडतात, ज्वाळा कानातून आत जाते, आणि मग बार उडतो. या ‘आणि मग’मध्ये सगळी परीक्षा आहे. डोळ्यासमोर भपका उठतो आणि गोळी अजून नळीतच असते. तेवढ्यात खांदा हलला की नेम गेला.

स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फॉर्सिथ नावाच्या पाद्र्याचा याच भपक्याने जीव खाल्ला होता. रंजक पेटलेली दिसली की पक्षी सावध व्हायचे आणि गोळी पोचेपर्यंत पसार. त्याने ठोक्याने पेटणारं मिश्रण वापरून नवी कळ बनवली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्याच वाटेने पुढे ठोक्याने पेटणारी तांब्याची टोपी आली आणि चकमक मागे पडली. पेनसिल्व्हेनियाने या हंगामापुरतं त्या पाद्र्याला रानाच्या बाहेरच उभं केलंय. तसं करण्याचा हक्क त्यांना पोचतो म्हणा. अठराव्या शतकात तिथल्याच लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनीच युरोपातली आखूड शिकारी रायफल लांब, सडपातळ करून तिचा नवा घाट घडवला.

दुसऱ्या राज्यांत असा आग्रह नाही. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी बाजारात आणलेल्या धर्तीची, सरळ नळीमागेच ठिणगी पडणारी बंदूक बहुतेक ठिकाणी चालते. तिच्यावर दुर्बीण चढवली, दारूच्या तयार वड्या टाकल्या की दीडशे यार्डांवरचं हरीण आटोक्यात येतं. तिला ठासणीची म्हणायचं ते केवळ तोंडाने भरतात म्हणून. माझा तिच्यावर राग नाही, पण ती वापरायची तर वेगळा हंगाम कशासाठी, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

आता नराकडे येऊ. मध्य नोव्हेंबरात हरणांचा माज शिगेला असतो. तेव्हा नर दिवसाउजेडी मादीच्या मागे धावतो, खाणंपिणं विसरतो. वजनाचा पाचवा हिस्सा सहज उतरतो. तिरंदाजांचा हंगाम, मग रायफलींचे दोन आठवडे, यातून जो नर नाताळपर्यंत वाचतो त्याला माणूस चांगला कळलेला असतो. आता त्याला मादी नको, खायला हवं. काढणीनंतर शेतात उरलेला मका, बर्फाखालचे ओकचे दाणे, कोवळ्या डहाळ्या. दिवसा तो उन्हाकडे तोंड असलेल्या दक्षिण उतारावर बसतो, वारा सुटला तर हेमलॉकच्या सदाहरित झाडांच्या दाटीत. तिथून चरायच्या जागेकडे निघतो तो शेवटच्या अर्ध्या तासात, उजेड विझत आला की. तुम्हाला बसायचंय या दोन जागांच्या मधे, वारा तोंडावर घेऊन, पन्नास-साठ पावलांच्या अंतरात. त्याला तुमचा केशरी अंगरखा फारसा खटकत नाही, हरणांना तांबडा-केशरी नीट दिसत नाही. वास मात्र लागला की ती पांढरी शेपटी उभी राहते आणि संध्याकाळ संपली.

आणखी एक गंमत आहे. डिसेंबर सरता सरता नरांची शिंगं गळायला लागतात. ऑक्टोबरात पाहिलेला रुबाबदार नर जानेवारीत बोडका समोर येतो आणि पन्नास पावलांवरून तो मादीसारखाच दिसतो. २००२ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरी आल्ट यांनी चिडलेल्या सभांना तोंड देत नियम आणला, की राज्याच्या बऱ्याच भागात निदान एका बाजूच्या शिंगाला तीन टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही. कोवळे नर वाचावेत हा हेतू. पण शिंगं गळालेला थोराड नर कायद्याच्या लेखी बिनशिंगी हरीण ठरतो. भिंतीवर शिंगं टांगायची ज्यांना हौस, ते यावर फार हळहळतात.

काही टोळ्या या दिवसांत हाका घालतात. चारजण रान झोडपत येतात, बाकीचे नाक्यावर उभे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा प्रकार ठाऊक आहे. पळत्या हरणावर चकमकीची बंदूक चालवणं मला मान्य नाही. एकच बार, तोही रेंगाळत उडणारा. जनावर जायबंदी होऊन निघून जातं. उभं असेल, कुशी दिसत असेल, तरच खांद्याच्या मागे फुप्फुसावर नेम धरावा. बार झाल्यावर धुरात काही दिसत नाही. खाली वाकून धुराखालून पाहायचं, हरीण कोणत्या झाडाशी होतं ते मनात पक्कं करायचं आणि जागेवरून न हलता पुन्हा भरायचं. माग काढायला अर्धा तास थांबायचं. गोल गोळी पुष्कळदा आरपार जात नाही, रक्त थोडं सांडतं. म्हणून बर्फ असला तर माग सापडतो.

बंदूक रात्री उबदार खोलीत आणायची नाही, हेही सांगून ठेवते. बाहेरचं गार लोखंड आत आलं की त्यावर दंव धरतं आणि दारू सर्दावते. रंजक काढून टाकली की तिथल्या नियमाप्रमाणे बंदूक रिकामी मानतात, मग ती गाडीच्या डिकीत कुलपात ठेवता येते. बार उडाला असेल तर मात्र त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुवायची. दारूची राख ओल शोषते, चालढकल केली की गंज चढलाच.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: “मांसाचं काय करता? विकता येतं का?” नाही, रानातल्या हरणाचं मांस विकणं गुन्हा आहे. घरी खातात, शेजाऱ्यांना देतात. १९९१ पासून एक योजना आहे, खाटकाकडे हरीण नेऊन दिलं की मांस गरजूंच्या अन्नछत्रांना जातं. २०१२ मध्ये राज्यात हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. त्या रोगाच्या पट्ट्यात मारलेल्या हरणाचं डोकं आणि कणा पट्ट्याबाहेर न्यायला मनाई आहे. तिथे कमिशनने डोकी टाकायला पेट्या ठेवल्या आहेत, तपासणीचा निकाल नंतर कळतो. माणसाला तो रोग झाल्याचं आढळलेलं नाही, पण निकाल येईस्तोवर आमच्याकडे मांस फ्रीझरमध्येच असतं. पुढची चिठ्ठी द्या.